चपटे इअरबड की कानात घुसणारे? पहिल्या ऐकण्यात काय तपासायचं

वायरवाले इअरबड घ्यायचे एवढं ठरलं की लोक लगेच ब्रँडकडे वळतात. त्याआधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे: कान बंद करणारे घ्यायचे की उघडा ठेवणारे? एकीकडे जुन्या घडणीचे चपटे इअरबड. गोल तोंड, त्यावर हवं तर पातळ स्पंजचं आवरण, आणि कानाच्या बाहेरच्या खोलगट भागात नुसते टेकून बसणं. दुसरीकडे इन-इअर. पुढे छोटी नळी, तिच्यावर सिलिकॉनची टोपी, आणि ती टोपी थेट कानाच्या नळीत.

दोन्ही प्रकारची नवी जोडी एकाच फोनला, एकाच ॲडॅप्टरवर लावून आलटून पालटून ऐकली. दोन्हींत प्रत्येक बाजूला एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा छोटा स्पीकर, दोन्हींना ३.५ मिमीची पिन. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही, कारण खाली जे फरक सांगतोय ते बहुतेक घडणीचे आहेत. चपट्याच्या जागी दुसरा चपटा ठेवलात तरी त्यातले बरेचसे तसेच राहतील.

दोन्ही घडणी जुन्याच आहेत. १९७९ मध्ये वॉकमन आला तो डोक्यावरच्या हलक्या हेडफोनसह; कानात टेकणारे छोटे इअरबड सोनीने १९८२ मध्ये आणले. कान बंद करून ऐकण्याच्या प्रकाराला दर्दी लोकांत मान मिळाला तो एटिमोटिक कंपनीच्या १९९१ च्या ईआर-४ या इन-इअर जोडीपासून. ॲपलचे २०१२ चे इअरपॉड्स पूर्ण चपटे नाहीत, पण रबरी टोपी नसल्यामुळे ते पहिल्याच गोटात मोडतात.

बेस: फरक मोठा, पण ऐकू येतो तेवढा सरळ नाही

इन-इअर घातल्यावर पहिल्या दहा सेकंदांत जाणवतो तो खालचा आवाज. डग्ग्याची घुमक पूर्ण येते, बास ड्रमचा ठोका कानात दाब देऊन जातो. तेच रेकॉर्डिंग चपट्यावर लावलं की ठोका कळतो, पण त्यामागचा घुमारा अर्धा होतो. लगेच वाटतं की चपट्याचा ड्रायव्हरच कमजोर. प्रत्यक्षात चपट्यातला ड्रायव्हर सहसा मोठा असतो, १४ ते १६ मिमीच्या आसपास. इन-इअरमध्ये तो ६ ते १० मिमीचा असतो.

फरक हवेचा आहे. टोपी घट्ट बसली की ड्रायव्हरच्या पडद्यापासून कानाच्या पडद्यापर्यंत अगदी छोटी बंद जागा तयार होते, आणि तेवढ्या हवेवर दाब आणायला ड्रायव्हरला फारसं हलावं लागत नाही. चपट्याच्या कडेला फट राहतेच. वॉशर झिजलेल्या सायकलच्या पंपासारखं होतं. दांडा हलतो, दाब बाजूने निसटतो. वरच्या कंपनांना या फटीचा त्रास होत नाही. खालच्यांना होतो, आणि जितकं खाली जावं तितका जास्त होतो.

तरीही चपट्यात बेस गिटारची चाल स्पष्ट ओळखता येते. त्या वाद्याची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची, म्हणजे चपटा इअरबड जिथे जवळपास गप्प असतो तिथली. पण तिच्यासोबत ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरांशही वाजत असतात आणि मेंदू त्यांवरून मूळ स्वर स्वतः जुळवतो. म्हणून चपट्यात बेस नाही हे म्हणणं अर्धं खरं. सूर मिळतो, धक्का मिळत नाही. ज्याचं ऐकणं मुख्यतः गळा, तंतुवाद्यं, पियानो, भाषणं आणि पॉडकास्टचं आहे त्याला धक्क्याची उणीव फार वेळ जाणवत नाही. ज्याला इलेक्ट्रॉनिक संगीत किंवा हिपहॉप ऐकायचं आहे त्याने चपट्याच्या वाटेला जाऊ नये. इक्वलायझरने खालचा आवाज ओढून वर आणता येतो, पण थोडाच. त्यापुढे ड्रायव्हर फडफडतो.

आता उलटी बाजू. इन-इअरची टोपी चुकीच्या मापाची असेल तर तो चपट्यापेक्षाही वाईट वाजतो. बेस गळून जातो आणि वरचा आवाज तेवढाच उरतो, त्यामुळे सगळं पातळ, टोकदार, कर्कश होतं. "बेसच नाही" अशा कित्येक तक्रारींचं मूळ टोपीत असतं. तपासणं सोपं आहे. गाणं चालू असताना इअरबड बोटाने हलकेच आत दाबा. बेस एकदम वाढला, तर टोपी बसलेली नव्हती. मग मोठी टोपी लावून पाहा, लहानही लावून पाहा, कारण फार मोठी टोपी दुमडते आणि तिथूनच गळती होते. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळं माप लागणं अगदी नेहमीचं आहे. खोक्यातल्या सगळ्या टोप्या लावून होईपर्यंत इन-इअरबद्दल मत बनवू नये, असं माझं ठाम मत.

आवाजाची पातळी सारखी केल्याशिवाय तुलना नको

फोनवर आवाजाची पट्टी एकाच जागी ठेवून दोन जोड्या बदलल्या की दोन्ही सारख्याच मोठ्याने वाजत नाहीत. जी जोडी मोठ्याने वाजते ती जास्त स्वच्छ, जास्त भरीव, जास्त महाग वाटते. फरक एखाद-दुसऱ्या डेसिबलचा असेल तर तो "मोठा आवाज" म्हणून कळतही नाही, "चांगला आवाज" म्हणून कळतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज लहान केला की कानाला खालची कंपनं इतरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतात. म्हणजे हळू वाजणारी जोडी आपोआप बेसहीन ठरते.

त्यामुळे आधी एखादा बोलण्याचा तुकडा लावा, संगीत नको. दोन्ही जोड्यांवर बोलणारा सारख्याच अंतरावर बसलाय असं वाटेपर्यंत आवाज जुळवा. मग गाणी.

खोक्यावरच्या आकड्यांतही याच जागी घोळ असतो. एका कंपनीने संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर जोडी किती मोठ्याने वाजते ते, दर मिलिवॉटला दिलेली असते, दुसरीने दर व्होल्टला. ३२ ओहमच्या इअरबडमध्ये या दोन आकड्यांत सुमारे १५ डेसिबलचं अंतर पडतं, १६ ओहममध्ये सुमारे १८ चं. म्हणजे "१०५" आणि "१२०" लिहिलेल्या दोन जोड्या प्रत्यक्षात सारख्याच मोठ्याने वाजू शकतात. आकडा वाचण्याआधी एकक वाचावं.

गळा आणि मधला पट्टा

निर्णय इथे व्हायला हवा असं मला वाटतं, कारण बेसची नवलाई ओसरते, पण गळा खोटा लागला तर तो रोज खोटाच लागतो.

आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडदा. अशी नळी स्वतःच घुमते, ३ हजार हर्ट्झच्या आसपास. जन्मापासून आपण प्रत्येक आवाज या घुमण्यासकट ऐकलेला आहे. मेंदू तेच नैसर्गिक मानतो. चपटा इअरबड नळीच्या बाहेर बसतो, त्यामुळे तुमच्या कानाची ही घडण बऱ्याच अंशी कायम राहते. इन-इअर नळीचं तोंडच बंद करतो, मूळ घुमणं मोडतं, आणि निर्मात्याला ते ट्युनिंगमधून, म्हणजे कुठला पट्टा किती मोठा वाजवायचा हे ठरवून, परत घालावं लागतं. सगळ्यांच्या कानाचं सरासरी गणित धरून, तुमच्या कानाचं नाही.

म्हणून चपट्यावर गळा चटकन माणसाचा वाटतो. माझ्या ऐकण्यात हा फरक सर्वांत स्पष्ट होता. बाईचा आवाज तार सप्तकात चढला तरी चपट्यात तो ताणलेला वाटला नाही. श्वास, ओठांचा आवाज, शब्दांमधली विश्रांती, सगळं जागच्या जागी. इन-इअरमध्ये तोच गळा जास्त जवळ आला, तपशील जास्त दिसले, पण ३ हजारांच्या आसपासचा उठाव किंचित जास्त असल्यामुळे मोठ्या आवाजात ओरड जाणवू लागली. आवाज दोन पायऱ्या खाली आणला की ती गेली.

याचा अर्थ इन-इअरचा मधला पट्टा खराबच असतो असा नाही. हर्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून जे लक्ष्य-आलेख (कुठला पट्टा किती मोठा वाजावा ते दाखवणारे) तयार केले, त्यांचा आधार घेऊन आज अनेक साध्या इन-इअर जोड्याही संतुलित वाजतात. कानाच्या घुमण्याची भरपाई या आलेखात आहे, आणि बेसही थोडा चढवलेला आहे. कुठल्याही परीक्षणात "हर्मनच्या जवळ" असं वाचलं तर एवढं समजावं: गळा पुढे, खाली भरीव, सहसा सुरक्षित निवड. तुम्हाला बेस नेमका हवा असेल, चढलेला नको असेल, तर ती जोडी तुम्हाला थोडी फुगलेली वाटेल.

वरच्या पट्टीत इन-इअरची एक खोड आहे. नळी बंद झाल्यावर उरलेल्या जागेत ८ हजार हर्ट्झच्या आसपास एक शिखर तयार होतं आणि ते इअरबड किती खोल बसलाय त्यावर पुढे-मागे सरकतं. खोल घातला की शिखर आणखी वरच्या कंपनांकडे सरकतं आणि बहुतेकांना कमी टोचतं. 'स', 'श' अक्षरं शिट्टीसारखी टोचत असतील तर परत करण्याआधी जरा लांब किंवा अरुंद टोपी लावून एकदा खोल बसवून पाहा. झांज आणि तानपुरा हे यासाठी उत्तम. तानपुऱ्याच्या जवारीत वरचे स्वरांश सतत, एका लयीत येत राहतात. कुठला एक पट्टा पुढे घुसला किंवा मागे पडला तर जवारीचा रंग लगेच बदलतो. ड्रमच्या गर्दीत हे लपून जातं.

चपट्यातही वरच्या पट्टीची एक युक्ती आहे: स्पंज. आवरण लावलं की वरचा टोकदारपणा थोडा खाली येतो आणि कडेची फट कमी झाल्यामुळे बेस थोडा वाढतो. मधोमध भोक असलेलं आवरण मिळतं ते या दोन्हींच्या मधलं. मला चपटा स्पंजाशिवाय ऐकवेना.

मोकळेपणा

चपट्यात वाद्यं डोक्याच्या थोडी बाहेर वाटतात, इन-इअरमध्ये कपाळाच्या आत. मोठ्या वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग किंवा प्रेक्षकांसमोरची मैफल लावली की हे चांगलं कळतं. थोडा हात हवेचा, थोडा बाहेरून येणाऱ्या आवाजाचा: खोलीतला आवाज कानात येत राहिल्यामुळे मेंदूला आपण बंद डब्यात आहोत असं वाटत नाही. वाद्यं एकमेकांपासून सुटी ऐकायची असतील, मागची दुसरी गिटार शोधून काढायची असेल, तर मात्र इन-इअर सरस. शांततेवर उमटलेला लहान आवाज तिथे हरवत नाही.

बाहेरचा गोंगाट, आणि कानाचं भवितव्य

वरचं सगळं शांत खोलीतलं. बाहेर पडलं की हिशेब बदलतो, आणि बऱ्याच जणांचा निर्णय इथेच संपायला हवा.

चपटा बाहेरचं काहीच अडवत नाही. नीट बसलेली सिलिकॉनची टोपी बाहेरचा आवाज वीसेक डेसिबलने सहज खाली आणते. फोमची टोपी सहसा त्याहून जास्त. दोन्हींत इंजिनाची खालची घरघर अडवणं सर्वांत अवघड, बडबड अडवणं सोपं. आता गर्दीच्या रस्त्यावर किंवा धावत्या गाडीत चपटा लावला की काय होतं? बाहेरचा आवाज झाकायला आपण आपला आवाज चढवतो. आणि बाहेरच्या घरघरीत सर्वांत आधी बुडतो तो बेस, जो चपट्यात मुळातच कमी होता. उरतं ते मोठ्याने वाजणारं पातळ संगीत.

जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलवर आठवड्याचे फक्त ४ तास उरतात. रोज दोन तास प्रवास करणारा माणूस चपट्यावर आवाज चढवून हा वाटा दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. प्रवासात ऐकायचं असेल तर इन-इअर घ्या, आवाज लहान ठेवा. इथे मी दुसरी बाजू मांडत नाही, कारण मला ती दिसत नाही.

रस्त्यावर चालताना, धावताना, घरात कुणी हाक मारेल म्हणून कान उघडा हवा असेल तर चपटाच. दाराची घंटा, मागून येणारी गाडी ऐकू येते. फक्त धावताना तो निसटतो, त्याचा बंदोबस्त ज्याने त्याने करावा.

स्वतःचा आवाज, वायरची खरखर, फोन

कान बंद करून बोललं की आपला आवाज डोक्यात घुमतो. इन-इअर घालून फोनवर बोलणाऱ्यांना याचा कंटाळा येतो; चालताना पावलांचे ठोके, खाताना जबड्याचा आवाजही आत ऐकू येतो. वायर कपड्यांवर घासली की तिची खरखर थेट कानात. वायर कानावरून मागे वळवून घातली की ती बरीच कमी होते, म्हणूनच बऱ्याच इन-इअर जोड्या तशाच घालायच्या असतात. चपट्यात यातलं जवळजवळ काहीच नाही. दिवसभर मीटिंग, क्लास, फोन असतील तर हा मुद्दा आवाजाच्या गुणवत्तेपेक्षा जड पडतो. माइक हवा असेल तर वायरवर तो आहे का ते घेण्याआधी पाहा. बऱ्याच जोड्या माइकसह आणि माइकशिवाय अशा दोन्ही येतात.

कानात बसणं

चपट्याचं तोंड एका मापाचं. बसला तर तासन्‌तास विसरून जाल, नाही बसला तर उपाय फारसा नाही. लहान कानांच्या माणसांना कडेवर दुखतं, आणि ते पहिल्या अर्ध्या तासात कळत नाही. दुसऱ्या तासाला कळतं. इन-इअरमध्ये टोपी बदलता येते, म्हणून जुळण्याची शक्यता जास्त. पण कानात काही घुसवलेलंच सहन न होणारी माणसं आहेत, आणि त्यांना कुठलीही टोपी पटत नाही. ज्यांच्या कानात मळ लवकर साठतो त्यांनी इन-इअरची जाळी वरचेवर पुसावी लागेल हे धरून चालावं.

वायर आणि पिन

वायर तुटते ती बहुतेक वेळा पिनच्या मानेशी. इन-इअरमध्ये सुटी होणारी वायर आता साध्या जोड्यांतही मिळते, सहसा ०.७८ मिमीच्या दोन पिनांची. वायर गेली तर वायरच बदलायची, जोडी वाचते. चपट्यात वायर बहुधा कायमची जोडलेली असते. टिकाऊपणासाठी इन-इअरला एक गुण जास्त.

फोनला ३.५ मिमीचं भोक नसेल तर यूएसबी-सी पिनची जोडी घ्यावीशी वाटते. तिच्यात डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप सहसा पिनमध्येच असते. चिप गेली की जोडी गेली. मी ३.५ मिमीची जोडी आणि वेगळा ॲडॅप्टर हेच सुचवेन. फार संवेदनशील इन-इअर काही ॲडॅप्टरवर शांत जागी बारीक सुसकारा ऐकवतो, चपट्यात तो सहसा ऐकू येत नाही.

इअरबड शेकडो तास वाजवून "मोकळा" करण्याच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल. पहिल्या आठवड्यात बदलतो तो मुख्यतः आपला कान आणि टोपी बसवण्याचा आपला हात.

मग कुणी काय घ्यावं

घरात किंवा शांत ऑफिसात, गळा आणि साधी वाद्यं, अधूनमधून फोन: चपटा, स्पंजासह. प्रवासात, गोंगाटात, रात्री दुसऱ्याला त्रास न देता, किंवा बेसची आवड असेल तर: इन-इअर, संतुलित ट्युनिंगचा, सुट्या वायरचा. एकच जोडी सगळीकडे वापरणार असाल तर इन-इअरच घ्या, भले गळ्यासाठी मला चपटा जास्त आवडला असला तरी. शांत खोली रोज मिळत नाही.

परत करण्याची मुदत चालू आहे तोवर एक तपासणी करून घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू करा आणि बोलण्याचा तुकडा लावा. आवाज बरोबर मधोमध यायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर डावा-उजवा इअरबड अदलाबदल करून पुन्हा ऐका. झुकाव त्याच कानाकडे राहिला तर टोपी किंवा बसवणं बदला. इअरबडसोबत दुसऱ्या कानाकडे गेला तर जोडीतच दोष आहे, ती परत करा. इन-इअर आत ढकलताना पापुद्रा चुरगळल्यासारखा बारीक आवाज आला तर घाबरू नका. आतल्या हवेच्या दाबाने ड्रायव्हरचा पडदा वाकतो त्याचा तो आवाज, आणि हळू घातलं की तो सहसा येत नाही.